पहिलं बाळंतपण, दोन घरं आणि मधली सीमा: बेळगाव भागातल्या नव्या आईबाबांसाठी

सातवा महिना लागला की दोन घरांत फोन सुरू होतात. "विहीणबाई, पोरीला कधी धाडताय?" "डोहाळजेवण करतो आणि लावून देतो." हे बोलणं मायेचं असतं, पण बहुतेक वेळा तिथंच संपतं. कुठल्या दवाखान्यात, रात्री कळा आल्या तर कुठली गाडी, दाखल्यावर नाव कसं लिहायचं, बाळाला पहिल्या दिवशी काय पाजायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग ऐनवेळी प्रत्येक जण आपापलं सांगतो आणि ओली बाळंतीण मध्ये सापडते.

माझं सासर बेळगावचं, माहेर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं. अंतर तासा-दीड तासाचं, पण मध्ये राज्याची सीमा. त्या सीमेमुळं काय काय अडतं ते मी दोन बाळंतपणांत शिकले. पहिल्या खेपेला कुणी हे सगळं एका जागी सांगितलं असतं तर माझी बरीच रडारड वाचली असती. म्हणून क्रमानं लिहिते. बाळ व्हायच्या आधी, जमलं तर पाचव्या-सहाव्या महिन्यातच, नवरा-बायकोनं शेजारी बसून वाचावं.

पहिलं काम: बाळंतपण कुठं, ते ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मला ती आवडते. आईच्या हातचं खाणं आणि आईजवळ निवांत झोपणं याला तोड नाही. पण माहेरचं घर आणि बाळंतपणाचा दवाखाना हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रक्तदाब वाढलेला असेल, साखर निघाली असेल, जुळं असेल, वार खाली असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर रक्त, भूलतज्ज्ञ आणि लहान बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच बाळंतपण व्हायला हवं. चंदगड भागातले कित्येक जण त्यासाठी बेळगावलाच येतात. अशा वेळी बाळंतपण बेळगावात करून मग माहेरी जाणं शहाणपणाचं. "रीत मोडली" असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

माहेरी जायचं पक्कं असेल तर वेळ नीट धरा. आठव्यात पाठवायचं नाही म्हणून आपल्याकडं थेट नवव्यात पाठवतात. मला हे पटत नाही. नवव्यात, खड्ड्यांच्या रस्त्यानं, अनोळखी दवाखान्यात पहिल्यांदाच जाऊन बाळंत होणं धोक्याचं. डॉक्टरांना विचारून सातव्याच्या शेवटी जा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या हाताखालून दोन-तीन तपासण्या तरी होतील.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या जंगलाकडच्या घरांना वेगळं सांगते. तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल तर नाल्याला पाणी येण्याची वाट बघू नका. दोन आठवडे आधी खानापुरात किंवा बेळगावात पाहुण्यांकडं येऊन राहा.

घरी बाळंतपण करायचंच नाही, हे मी इतक्या ठामपणे का म्हणते? बाळ झाल्यावर लगेच होणारा रक्तस्राव दोन-तीन तासांत जीव घेऊ शकतो आणि तो कुणाला होईल हे आधी कळत नाही. इथं एक गोष्ट अभिमानानं सांगते. बेळगाव जिल्ह्यातल्या गावांमधल्या १६२० बायकांवर इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी संशोधकांबरोबर अभ्यास केला. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी हा रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर येतो हे त्यात दिसलं. २००६ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्याच भागातल्या बाळंतिणींमुळं जगाला हे कळलं, आणि तरी आपल्याकडं "बघूया, सकाळी जाऊया" म्हणत रात्र काढली जाते.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंडाला-हाताला अचानक सूज, झटके, ताप. १०८ नंबर दोन्ही राज्यांत चालतो. तरीही गल्लीतल्या दोन गाडीवाल्यांशी बोलून ठेवा, आणि ते रात्री फोन उचलतात का तेही बघा.

कागद

कर्नाटकात नाव नोंदवलं की तायी कार्ड मिळतं. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडं पहिल्या तीन महिन्यांतच नाव घाला. माहेरी जाताना हे कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत हवेत. तिकडं पोचल्यावर आठवडाभरात तिथल्या आशाताईंना भेटून सगळं दाखवा. नाहीतर इकडच्या ताई म्हणतात बाई माहेरी गेली, तिकडच्या म्हणतात आमच्याकडं नोंद नाही, आणि लोहाच्या गोळ्यांपासून लसीपर्यंत सगळं मध्येच लटकतं. माझं पहिल्या खेपेला अगदी हेच झालं.

दुसरी अडचण आधारची. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी सुनेच्या आधारवर माहेरचं नाव आणि कोल्हापूर जिल्ह्यातला पत्ता असतो, बँकेचं खातं तिसऱ्याच नावानं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५००० रुपये मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६०००. पण ते आईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात. नावं जुळत नसतील तर ते पैसे अडकतात. हे काम चौथ्या-पाचव्या महिन्यात उरकून घ्या, पोट पुढं आल्यावर रांगेत उभं राहवत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि ये-जा हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत असतं. कुणी पैसे मागितले तर हे माहीत असावं. खासगीत जाणार असाल तर साध्या बाळंतपणाचा आणि सिझेरियनचा, दोन्ही खर्च आधीच स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका.

जन्मदाखल्याचं आताच वाचून ठेवा. जन्म जिथं झाला तिथंच नोंदतात, आईवडील राहतात तिथं नाही. बाळ कोल्हापूर जिल्ह्यात झालं तर दाखला महाराष्ट्राचा, बेळगावात झालं तर कर्नाटकचा, कन्नड आणि इंग्रजीत. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद करता येते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, म्हणून बारशासाठी नोंद अडवून ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडं जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

म्हणून स्पेलिंग. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतं. 'ज्ञ' चं घ्या. कन्नड पद्धतीनं तो इंग्रजीत 'जे-एन' होतो, आपल्या सवयीनं 'डी-एन-वाय'. वडिलांच्या आधारवर ज्ञानेश्वर एका स्पेलिंगचा, बाळाच्या दाखल्यावर दुसऱ्याच. आडनाव आधी की शेवटी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, यातही गोंधळ होतो. माझ्या थोरल्याच्या दाखल्यात आमचं आडनाव एका अक्षरानं चुकलं आणि ते दुरुस्त करायला आम्ही सात महिने हेलपाटे घातले. आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव आधारवर आहे तसं मोठ्या इंग्रजी अक्षरांत एका कागदावर लिहून दवाखान्याच्या पिशवीत ठेवा. फॉर्म भरणाऱ्याच्या हातात तो कागद द्या. सही करण्याआधी कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला एकदा दाखवा.

भाषा

बेळगावातल्या दवाखान्यात मराठी कळणारं कुणीतरी बहुतेक भेटतंच. पण रात्रपाळीच्या सिस्टर बागलकोटच्या किंवा विजापूरच्या असू शकतात, आणि आजऱ्याहून आलेल्या सुनेला कन्नडचं एक अक्षर येत नसतं. कळांच्या वेळी आपलं कुणाला कळत नाही ही भीती फार वाईट असते. इतके शब्द आधी पाठ करून घ्या: नोवु म्हणजे दुखणं, नीरु म्हणजे पाणी, हालु म्हणजे दूध, मगु म्हणजे बाळ, ज्वर म्हणजे ताप, बेगा बन्नी म्हणजे लवकर या. रक्त तिकडंही रक्तच. आणि सोबत राहायला कन्नड बोलणारी एक तरी बाई ठरवा. वाड्यातली शेजारीण चालते. तिला आधी सांगून ठेवलं तर ती आनंदानं येते.

घर आणि घरातली माणसं

पाळणा, दुपटी, टोपडी, लंगोट हे सगळं कुणी ना कुणी आणतंच. खडेबाजारात एक दुपार गेली की झालं. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर मात्र लंगोट दुप्पट घ्या, कारण आपल्याकडं जुलैत चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. दमट लंगोट घालण्यापेक्षा इस्त्री फिरवून घाला.

सगळ्यात महत्त्वाचं बोलणं आज्जींबरोबर करायचं आहे. दोन्ही आज्ज्यांबरोबर, आणि बाळ व्हायच्या आधी. बाळाला पहिल्या तासाभरात छातीशी घ्यायचं. येणारा पिवळसर चीक टाकायचा नाही, तीच बाळाची पहिली रोगप्रतिकारक शक्ती. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध चाटवायचा नाही, वर्षभर नाहीच, त्यानं बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. गुटी नको, डोळ्यांत काजळ नको, नाकाकानांत तेल नको, नाळेवर काही लावायचं नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी तर मुळीच नको. आपल्या थंड, ओल्या हवेत शेक हवासा वाटतो हे मला समजतं, पण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि वासही येत नाही. ऊब हवी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घाला. कमी वजनाच्या बाळाला तर याहून चांगला उपाय नाही.

हे सांगताना आज्जीचा मान राखा. माझ्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मी आठव्या महिन्यात डॉक्टरांकडं सोबत नेलं होतं. मध आणि गुटीचं डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं. त्यानंतर पाहुण्यांपैकी कुणी मधाचं बोट पुढं केलं की त्याच अडवायच्या. आज्जीला तिचं काम द्या: हलक्या हातानं मालीश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाळण्याची गाणी. नुसता तूप-भात खाऊन आणि पाणी तोडून बाळंतीण अशक्त होते, म्हणून भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, नाचणीचं आंबील सगळं चालतं. तहान लागेल तितकं पाणी प्यायचं.

निपाणीकडच्या बहिणींना एक विनंती. घरात तंबाखूचं काम असेल, विड्या वळत असाल, तर गरोदरपणात आणि बाळ लहान असेपर्यंत ते काम दुसऱ्या खोलीत न्या किंवा दुसऱ्या कुणाला द्या. आणि मशेरी सोडा. तीही तंबाखूच आहे, तिच्यामुळं बाळाचं वजन कमी भरतं. सुटत नसेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

पहिले काही दिवस

बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं घटतं आणि दोन आठवड्यांत भरून निघतं. "दूधच पुरत नाही" म्हणून लगेच दूध पावडरीचा डबा आणू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतंय. बाळाला पाठीवर झोपवा. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा गरम लागत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, श्वास जोरात चालला असेल, नाळेतून पू येत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आईला ताप आला, घाण वासाचा स्राव होऊ लागला, तासाभरात पॅड भिजू लागलं किंवा पोटरी सुजून दुखू लागली तर तिलाही.

मनाचं

याबद्दल आपल्याकडं बोलतच नाहीत, म्हणून मी इथं जास्त थांबते.

थोरला झाला त्याच्या चौथ्या दिवशी मला रडू फुटलं. कारण काहीच नव्हतं. बाळ गोड होतं, आई शेजारी होती. आईनं मीठ-मिरची ओवाळून टाकली, माझ्या केसांतून हात फिरवला, आणि खरं सांगते, त्या हातानं बरं वाटलं. पुढं कळलं की हे बहुतेक बायांना होतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास शरीरातली संप्रेरकं (हार्मोन्स) एकदम उतरतात, त्यात झोप नसते, टाके दुखत असतात, छाती भरून आलेली असते. नेमकी त्याच सुमाराला पाचवीची पूजा येते, सटवाईसाठी रात्र जागवतात, घर पाहुण्यांनी भरतं. पूजा जरूर करा. पण रात्र बाकीच्यांनी जागवावी, बाळंतिणीला पाजून झाल्यावर झोपू द्यावं.

हे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर ते वेगळं. बाळाकडं बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप येत नाही, जेवण जात नाही, सतत वाटतं की मी आई व्हायच्या लायकीची नाही. दिवसेंदिवस असं चाललं तर तो आजार आहे, आणि तो बरा होतो. जावेसारखं पटकन उठून कामाला लागली नाही म्हणून तिला आळशी म्हणू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा, मोफत नंबर दिवसरात्र चालतो. बेळगावच्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे, धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. स्तनपान चालू असताना घेता येणारी औषधंही असतात. आणि बाळंतीण मरणाचं बोलू लागली, बाळाला इजा करण्याचं बोलू लागली, भलतंसलतं दिसतंय-ऐकू येतंय म्हणू लागली, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. देवऋषी नंतर.

येणारा प्रत्येक जण आधी बाळाला बघतो आणि बाळंतिणीला विचारतो, "दूध येतंय काय?" तिला त्या प्रश्नाची परीक्षेसारखी भीती बसते. माझी मोठी नणंद रोज फोन करायची आणि एवढंच विचारायची, "काल किती झोपलीस गं? जेवलीस काय?" ती बेळगावी हेल काढून बोलायला लागली की मला हलकं वाटायचं. तुमच्या घरातल्या एका माणसाला हे काम नेमून द्या.

आणखी एक बोलणं नवरा-बायकोनं आधीच करावं. मुलगी झाली तर? "पहिली बेटी, धनाची पेटी" असं म्हणून लोक समजूत काढतात, आणि त्या समजुतीतूनच बाळंतिणीला कळतं की घरात कुणाचा तरी हिरमोड झालाय. समजूत काढण्यासारखं काही झालेलंच नाही, हे नवऱ्यानं पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, आनंदानं पेढे वाटून दाखवावं.

बाबा

बायको माहेरी, बाबा वडगावात मागाच्या शेडवर नाहीतर उद्यमबागेत फौंड्रीत. सुट्टी म्हणजे बुडालेली हजेरी. तीन महिने तो रविवारी पाहुण्यासारखा जातो, सासूबाई चहा देतात, बाळ त्याच्याकडं गेलं की रडतं, आणि आपण यात कुठंच नाही असं त्याला वाटायला लागतं. म्हणून आधीपासून थोडे पैसे बाजूला टाका आणि बाळंतपणाच्या वेळी आठवडाभर तरी सलग राहा. त्या आठवड्यात लंगोट बदलणं, ढेकर काढणं, बाळाला खांद्यावर घेऊन झोपवणं शिका. सासुरवाडीत संकोच वाटतो, पण एकदा रात्री दोन वाजता बाळाला घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या की संकोच जातो. जन्मनोंदणी, खातं, गाडी, औषधं ही सगळी कामं बाबाची. बाबालाही पैशाची, जबाबदारीची भीती वाटते, रडू येतं. मित्राशी बोला, बायकोशी बोला. दारूच्या दुकानात जाऊन ते सुटत नाही.

परत येताना

सव्वा महिना झाला की कुणी लगेच आणतात, कुणी तिसऱ्या महिन्यात. बाळाचं वजन आणि आईची तब्येत बघून ठरवा, मुहूर्त त्यातला धरा. लसींचं वेळापत्रक सगळ्या देशात एकच आहे: जन्मल्यावर लगेच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ, मग ६, १०, १४ आठवड्यांना, पुढं ९ महिन्यांना. त्यामुळं पहिले डोस तिकडं आणि पुढचे इकडं घेता येतात. फक्त कार्ड सोबत हवं. सासरी आल्यावर दोन दिवसांत इथल्या आशाताईंना बाळ आल्याचं कळवा. गाडीत बसताना बाळंतविड्याची बोचकी डिकीत जाऊ द्यात. तायी कार्ड, लसीचं कार्ड, दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद आणि जन्मदाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या.